पलीकडचा उतार

आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात सगळ्यांना कामं वाटून दिलेली असतात. पिंप, बादल्या, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि पुढच्या पाळीपर्यंत हात आखडून वापरायचं. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नाना, म्हणजे माझे वडील, मुक्कामाला असले की मोरीच्या दारात उभं राहून ही पळापळ बघतात आणि दर वेळी एकच वाक्य बोलतात, ‘‘भरा, भरा. आमचं गाव पिता तुम्ही शहरवाले.’’

शहराला पाणी जायकवाडीहून येतं आणि नानांचं गाव त्याच धरणाच्या पोटात आहे. धरण भरलं तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. गावाला लांब माळावर नवी जागा मिळाली, आधी पत्र्याची आणि मग सिमेंटची घरं झाली. जुन्या गावाचं म्हणावं असं एकच उरलं, ते म्हणजे गावामागची टेकडी. तिच्या चारी अंगांनी पाणी चढलं आणि ती बेट झाली. माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबा आणि म्हसोबाच्या अंगाला एक बोर, एवढ्यासाठी नाना आयुष्यभर होडीवाल्यांच्या विनवण्या करत आले.

ती बोर कुणी लावलेली नव्हती. गुरं, पाखरं, पोरं बिया टाकतात आणि बोर आपली आपण येते. टेकडीवर अशा आपोआप आलेल्या बोरी पुष्कळ होत्या. कुठलीचं फळ आंबट, कुठलीचं तुरट, कुठलीचं नुसतं किडकं. म्हसोबाजवळच्या एकीची बोरं मात्र लांबट, टोकाला चोच असलेली, पिकली की तांबूस पिवळी, आणि गोड इतकी की पोट दुखेपर्यंत हात थांबू नये. पौष आला की नाना टेकडीवर जायचे आणि उपरण्यात गाठोडं बांधून बोरं घेऊन यायचे. संक्रांतीच्या सुगडात आमच्याकडे तीच बोरं असायची. माझ्या मुलाचं बोरन्हाणही त्याच बोरांनी झालं. उरलेली वाळवून, कुटून, गूळ-मीठ घालून आई बोरकूट करायची आणि बरणी माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवायची. मी वाढत गेले तशी बरणीही वरच्या फळ्या चढत गेली.

मग बोरं कमी व्हायला लागली. एका वर्षी गाठोडं निम्मं आलं, पुढे ओंजळभर, आणि गेली काही वर्षं तर काहीच नाही. भादव्यात टेकडी फुलोऱ्यानं भरलेली आणि पौषात फांदीवर एक फळ नाही. आई मंडईतून विकतची, लिंबाएवढी फुगलेली बोरं आणून सुगडात घालायची आणि नाना त्यांच्याकडे वळून बघायचे नाहीत. ‘‘बोरी वांझ झाल्या,’’ असं ते म्हणायचे. हा शब्द मला खपत नाही, झाडाबद्दलही खपत नाही. मी दर वेळी त्यांना टोकायची आणि दर वेळी ते विसरायचे.

मी औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलगा शिकायला बाहेर पडला त्या वर्षी, चष्म्याचा नंबर वाढायच्या वयात, मी पीएच.डी.ला नाव घातलं. नातेवाइकांनी ‘आता कशाला?’ असं विचारून घेतलं. नानांनी मात्र ती बातमी अगदी वेगळ्या कानानं ऐकली. त्यांना वाटलं, ही हे सगळं माझ्यासाठीच करते आहे. पुढच्याच खेपेला आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘झाडाची डॉक्टर व्हणार म्हणं तू. मंग मला एवढंच सांग माय, आपल्या बोरीला फळ कामून धरत नाय? माझे डोळे मिटायच्या आत सांग.’’

मी हो म्हणाले आणि विषय तोच घेतला. बेटावरच्या बोरी आणि काठावरच्या बोरी, यांच्यात आतून, रक्तातून म्हणावं तसं, किती वेगळेपण आहे ते मोजायचं.

बोरीचा एक स्वभाव इथं सांगायला हवा. तिला स्वतःचा पराग चालत नाही. फूल उमलतं, माश्या येतात, पराग पडतो, पण तो त्याच झाडाचा असला तर फळ धरत नाही. आपल्याकडे भावकीत सोयरीक होत नाही, तसंच. परक्या झाडाचा पराग लागतो. काठावर हे आपसूक जमतं, कारण बांधाबांधावरची बोर वेगळी. बेटावर अडचण येते. फुलोरा येतो नेमका धरण तुडुंब असतं तेव्हा, आणि एवढं पाणी आणि वारा ओलांडून काठावरची माशी काही पलीकडे जात नाही. मोजकी झाडं, त्यांचा आपसातच व्यवहार, म्हणजे पिढ्या जातील तशी सगळी एकसारखी होत जाणार. बेटांवरच्या झाडांचं हे दुखणं जगभरच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. काठावर वेगळेपण जास्त, बेटावर कमी, म्हणून फळ कमी, असं उत्तर माझ्या मनात तयार होतं. ते फक्त मोजून दाखवायचं राहिलं होतं.

पानं गोळा करायला मी नानांनाच घेऊन गेले. आकाश निवळलेलं, पाणी काठोकाठ, होडी डुगडुगत चाललेली, आणि नाना पुढच्या टोकाला बसून मला पाण्याखालचं गाव दाखवत होते. इथं वेस, इथं आमचं घर, इथं तुझ्या आत्याला विंचू चावला होता. मला सगळीकडे सारखंच पाणी दिसत होतं, पण मी मान डोलवली. सरकारी परवानगीचा कागद माझ्या पिशवीत होता. नानांनी उभ्या जन्मात टेकडीवर जायला कुणाची परवानगी घेतली नव्हती आणि तो कागद पाहून त्यांना हसू आवरत नव्हतं.

टेकडी काठीच्या आधारानं चढताना ते वाटेत दोनदा बसले. त्यांचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी गेला. सपाटीला चालतं, चढ कसाबसा जमतो, उतार मात्र कुणाच्या तरी खांद्याला धरून, अलीकडच्या मळलेल्या वाटेनंच होतो. त्यामुळे माथ्यापलीकडच्या बाजूला त्यांचं जाणं बंद झालं आहे, आणि ते याची खंत एखादं पोर परगावी राहिल्यासारखी बोलून दाखवतात. तिकडं काही राहिलं नाही, तिकडल्या झाडांची लई आबाळ झाली, तू तिकडं जाऊ नको, काट्यात अडकशील, असं त्यांनी मला बजावलं. अलीकडच्या बाजूला मात्र एक एक झाड कसं राखलेलं. प्रत्येक बुंध्याभोवती दगडांचा ढीग रचलेला. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, माती धुपत नाही. मला तेवढं पुरलं. मी फांद्या वाकवून पानं तोडत होते, पिशव्यांवर खुणा करत होते आणि नाना माझ्या मागं मागं चालत कुठं दगड सारखा करत होते, कुठं बुडखाशी वाकून अंगठ्यानं कोंब मोडत होते. त्यांचे हात रिकामे राहूच शकत नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढपी येईपर्यंत ते पत्रावळीच्या काड्या सारख्या करत बसतात. पानं सगळीकडे एकाच घाटाची दिसत होती, आणि मला त्याचा आनंद झाला. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सगळं होतं.

दिवाळीनंतर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते काम मार्गी लागलं. पानं वाटायची, त्यातून पेशींच्या आतला डीएनएचा धागा वेगळा करायचा, त्याचे तुकडे जेलीसारख्या पातळ वडीवर विजेच्या दाबानं पळवायचे. प्रत्येक झाडाची एक रांग. तुकडे लहान-मोठे असतील तसे कमी-जास्त अंतरावर थांबतात आणि दिव्याखाली चमकणारे पट्टे दिसतात. काठावरच्या बोरींची वडी आधी पाहिली. पट्टे वर-खाली, कुठं दोन, कुठं एक, अगदी यात्रेतल्या गर्दीसारखे. मग बेटावरची वडी दिव्याखाली सरकवली.

सगळे पट्टे एका रेषेत होते. पाटीवर पट्टी धरून पेन्सिल ओढावी तसे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. दुसरी वडी लावली, वेगळे तुकडे घेतले. पुन्हा तीच सरळ रेष. मला कमी वेगळेपण हवं होतं, पण हे कमी नव्हतं. हे काहीच नव्हतं. टेकडीभरच्या झाडांऐवजी एकच झाड शंभर ठिकाणी उभं असावं असं ते दिसत होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान आहेत, हुशार आहेत आणि हसण्याबाबत काटकसरी आहेत. त्यांनी वडी बराच वेळ पाहिली. मग मला समजावून सांगितलं की धरणाला अजून झाडांच्या दोन-तीन पिढ्यासुद्धा झालेल्या नाहीत. बेटामुळे वेगळेपण घटतं हे खरं, पण त्याला काळ लागतो. बियांपासून आलेली झाडं कितीही जवळची असली तरी इतकी एक होत नाहीत. एवढं बोलून त्यांनी आवाज खाली आणला.

‘‘ताई, राग मानू नका. तुम्ही सगळ्या पिशव्या एकाच झाडाच्या पानांनी भरल्यात का?’’

मी शिकवायला लागले तेव्हा शाळेत असलेली ही बाई मला, मला, चोर म्हणत होती. मी नानांच्या गुडघ्यासकट टेकडी चढले होते, काट्यांनी हात फाडून घेतले होते, असं काहीतरी मी तावातावानं बोलले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग आपण दोघी जाऊ, मी माझ्या हातानं पानं घेते. त्या दिवशी मी तिथून औरंगपुऱ्यापर्यंत रिक्षा न करता तणतणत चालत आले. पोळलेल्या तोंडानं चहा प्यावा तसा सगळा रस्ता वाटला. पण रागाच्या तळाशी भीती होती. पट्टे खोटं बोलत नाहीत आणि मीही खोटं बोलले नव्हते, मग त्या टेकडीवर काय होतं?

संक्रांत जवळ आली होती तेव्हा आम्ही पुन्हा होडीत बसलो. मॅडम, मी आणि नाना. नानांना मी पट्ट्यांचं काही सांगितलं नव्हतं. मोठ्या बाई स्वतः आपली झाडं बघायला येताहेत म्हणून ते धुतलेलं धोतर नेसून आले होते. पाणी बरंच उतरलं होतं आणि टेकडीभोवती चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. वर चढून पाहते तर बोरी हिरव्यागार आणि फळ एकाही फांदीवर नाही.

मॅडमनी पान तोडलं नाही. त्या सरळ पहिल्या झाडाच्या बुडाशी उकिडव्या बसल्या आणि दगड बाजूला करायला लागल्या. एक, दुसरा, तिसरा. मग मला हाक मारली. जमिनीपासून वीतभर वर खोडाला तिरकी वळी होती. वळीच्या खाली साल काळी, खरबरीत, भेगाळलेली. वर साल फिकी आणि तलम. मी पुढच्या झाडाचे दगड काढले. तिथंही वळी. त्याच्या पुढच्या झाडालाही. तो कलमाचा जोड होता.

नाना आयुष्यभर एका रोपवाटिकेत डोळे भरायच्या कामावर होते. डोळा भरणं म्हणजे गावरान झाडाच्या खोडाला चीर पाडून तिच्यात चांगल्या झाडाच्या सालीचा कोंबासकटचा तुकडा बसवायचा आणि पट्टीनं आवळून टाकायचा. तो जगला की वरचं गावरान झाड छाटायचं. मुळं जुनी राहतात, वरचं सगळं झाड नवं होतं, ज्याचा डोळा भरला त्याचंच होतं. पंचक्रोशीत नानांच्या हातचा डोळा मेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी हे लहानपणापासून जाणत होते. वर्गात दर वर्षी फळ्यावर डोळा भरण्याची आकृती काढत होते. पण जिथं माणूस राहत नाही अशा बेटावर कलम असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

नाना काठी टेकत आले आणि उघडं पडलेलं खोड बघून त्यांचा चेहरा फुलला.

‘‘दिसला का जोड? माझ्या हातचा हाय. एक बी वाया गेला नाय.’’

मी विचारलं, किती झाडांना? ते म्हणाले, ‘‘सगळ्या. पाय चालत व्हते तवर एक सोडली नाय.’’

मग त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं, अगदी मानानं, पाहुण्याला घर दाखवावं तसं. मोठा दुष्काळ पडला, धरण आटलं, तेव्हा ते भेगाळलेल्या गाळातून चालत टेकडीवर आले होते. म्हसोबाजवळची बोर शेंड्याकडून वाळत चालली होती. शेवटच्या ओल्या फांद्या त्यांनी भिजल्या फडक्यात गुंडाळल्या आणि टेकडीवरच्या इतर बोरींवर त्यांचे डोळे भरले. आईझाड पुढच्या वर्षी पडलं, म्हसोबाजवळ आता उभी होती तीही भरलेल्या डोळ्याचीच. पण तोवर ते टेकडीवर ठिकठिकाणी पुन्हा उभं राहिलं होतं. नंतर दर पावसाळ्यात थोड्या थोड्या बोरी छाटत, डोळे भरत त्यांनी टेकडी पालटून टाकली. फळ कमी व्हायला लागलं तसे आणखी डोळे भरले, कारण झाडं वाढली तर फळ वाढेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. आंबट बोरींच्या जागी गोड बोर आली. बुडालेल्या गावाची एकच बोर, टेकडीभर. गावासाठी याहून मोठं काम दुसरं कुणी केलं नव्हतं.

मी ऐकत होते आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसत नव्हता. त्यांनी ते लपवलं होतं असंही नाही. मी कसंबसं विचारलं, नाना, मला कधी बोलला नाहीत? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांच्या लेखी मला म्हसोबाच्या बोरीची पानं हवी होती आणि त्यांनी म्हसोबाच्याच बोरीची दिली होती. डोळा भरला की झाड त्या बोरीचंच झालं. त्यात आणखी सांगायचं ते काय?

‘‘मंग?’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘कळलं का, फळ कामून धरत नाय?’’

कळलं होतं. एका घरातल्या माणसांनी गाव भरलं होतं आणि सोयरीक करायला परकं कुणी उरलंच नव्हतं. ज्या आंबट बोरींच्या परागावर ती गोड बोर फळत होती, त्या सगळ्या नानांनी एकेक करून छाटल्या होत्या. आणि फळ कमी होताना पाहून त्यांनी उरलेल्याही छाटल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली आणि म्हणाल्या, आपण आधी पलीकडची बाजू बघून येऊ.

नाना नको म्हणत होते. गुडघा गेल्यापासून तिकडं कुणी फिरकलं नाही, जोडाखाली खुंटाला फुटवे येतात, ते दर वर्षी मोडावे लागतात, नाहीतर जुनं झाड वर येऊन भरलेल्या डोळ्याला दाबतं, तिकडं सगळं रान माजलं असेल. मोठ्या बाईंना ते काय दाखवायचं? त्यांना खरोखर लाज वाटत होती. आम्ही त्यांना म्हसोबाजवळ बसवलं आणि माथा ओलांडला.

पलीकडच्या उतारावर वाट नव्हती. बोरींची जाळी झाली होती, काटे पदराला, केसांना, पिशवीला धरत होते. अलीकडच्या नेटक्या झाडांसारखं तिथं काहीच नव्हतं. बुडातून मनगटाएवढे फुटवे उठून वर गेले होते, आणि दोन फुटव्यांची पानं सारखी नव्हती. कुठं गोल, कुठं लांबट, कुठं मागून पांढरी लवदार. नानांनी छाटलेल्या सगळ्या जुन्या बोरी जमिनीखालून परत आल्या होत्या. त्यांच्यावर बोरं होती. बारकी, गोल, हिरवी, लाल, किडकी, सगळी. मॅडम काटे ओढत नुसत्या बघत राहिल्या. आणि मग मी मान वर केली. त्याच गचपणात, जुन्या जोडांच्या वर, नानांच्या हातच्या फांद्या होत्या, आणि त्यांच्यावर लांबट, चोचीची, तांबूस पिवळी बोरं लगडली होती.

मी एक तोडून तोंडात टाकलं. फळीवरच्या बरणीचा वास नाकात भरला आणि मी काट्यात उभी राहून लहान मुलीसारखी रडले. मॅडमनी पाठीवर हात ठेवला. पिशव्यांवरून बोलल्याबद्दल त्या काहीतरी म्हणाल्या, पण मला ते नीट ऐकू आलं नाही. आम्ही पदरात दोन्ही बोरं भरली, आंबट आणि गोड, आणि वर चढलो.

माथ्यावर येऊन पाहते तर नाना बसून राहिले नव्हते. अलीकडच्या झाडांचे आम्ही विस्कटलेले दगड त्यांनी पुन्हा नीट रचले होते, आणि रचता रचता बुडखाशी आलेले कोंब मोडून त्यांचा ढीग केला होता. ताजे, लुसलुशीत, मोडल्या जागी अजून ओले. मागच्या खेपेला माझ्या मागून चालताना ते हेच करत होते. बुडातून वर येऊ बघणारं जुनं झाड, दर वर्षी, दर खेपेला, माझ्या डोळ्यांदेखत. त्यांचा अंगठा पुढच्या कोंबाकडे गेला.

‘‘नाना, मोडू नका.’’ मी त्यांचं मनगट धरलं.

ते चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी पदरातलं एक लांबट बोर त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते फिरवून पाहिलं, चोचीवरून बोट फिरवलं, मग खाल्लं. चावणं मध्येच थांबलं.

‘‘हे आपलंच हाय. कुठं घावलं?’’

‘‘पलीकडं.’’

‘‘तिकडं तर मी किती वर्षं गेलो नाय.’’

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि भावकीची गोष्ट सांगितली. एकाच घरातली सगळी झाली तर लग्नं कुणाशी लावायची, एवढंच. पलीकडं फुटवे कुणी मोडले नाहीत म्हणून जुन्या बोरी वर आल्या, त्यांचा पराग मिळाला, म्हणून आपली बोर तिथं फळली, आणि माथ्यावरचा वारा ओलांडून माशी तो पराग अलीकडं आणत नाही. मी शक्य तेवढं हळू बोलत होते. नानांची नजर आधी माझ्यावर होती, मग त्या कोंबांच्या ढिगावर गेली, मग स्वतःच्या हातांवर, आणि तिथंच राहिली. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेलेला मला दिसत होता. ज्या हातांचा डोळा कधी मेला नाही, ते हात त्यांनी मांडीवर उपडे करून ठेवले.

‘‘म्हंजे बोरी वांझ नव्हत्याच,’’ ते म्हणाले.

या वेळी मी त्यांना टोकलं नाही.

खाली होडीवाला हाका मारत होता. मॅडम पुढे निघून गेल्या, मुद्दामच. नानांनी माझ्या पदरातून एक बारकं, गोल, हिरवट बोर उचललं. अशी बोरं ते आयुष्यभर चावून थुंकत आले होते. ते त्यांनी तोंडात टाकलं. आंबटानं डोळे मिटले, गालफडं आत गेली, पण ते थुंकले नाहीत. सावकाश सगळं खाल्लं. बी तळहातावर काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. मग काठी रोवली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले, आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहिले.

‘‘हा गेला ते बरं झालं म्हण,’’ ते म्हणाले. ‘‘नायतर तिकडल्या बी मोडल्या असत्या मी.’’